‘हॅव’ आणि आपला ‘आहे’

नामपूर हे बागलाण तालुक्यातलं, मोसम नदीच्या काठचं बाजाराचं गाव. कांद्याच्या हंगामात इथे ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअपच्या रांगा लागतात. लिलावातली बोली अहिराणीत आणि मराठीत, हिशेबपट्टी मराठीत, वाहनातला माल खालीवर करून बघताना होणारी घासाघीस तर अस्सल अहिराणीत. पण हाच कांदा पुढे दुबईला, कोलंबोला, क्वालालंपूरला जातो तेव्हा कुठल्यातरी टप्प्यावर इंग्रजी आडवी येते. समजा, व्यापारात नव्यानं उतरलेल्या एखाद्या पदवीधर पोरानं दुबईच्या खरेदीदाराला मोबाइलवर निरोप धाडला:

‘वी आर हॅविंग फिफ्टी टन रेड अनियन. माय ब्रदर हॅव टू गोडाऊन्स. वी हॅव धिस बिझनेस सिन्स टेन इयर्स.’

खरेदीदाराला अर्थ कळेल. भाव जमला तर सौदाही होईल. व्याकरणावाचून कांदा अडत नाही, तो अडतो निर्यातबंदीमुळे. 8 डिसेंबर 2023 ला बंदी आली तेव्हा चांगलं इंग्रजी येणाऱ्यांचाही माल जागच्या जागी राहिला. तरीपण हा तीन वाक्यांचा निरोप बारकाईनं बघण्यासारखा आहे. तीन वाक्यं, तिन्हींत एकच क्रियापद आणि तिन्ही ठिकाणी ते चुकलेलं. शिवाय तिन्ही चुका तीन वेगवेगळ्या तऱ्हेच्या आहेत आणि तिन्ही मराठीतूनच आल्या आहेत. त्या कुठून येतात हे एकदा दिसलं की त्या सुधारण्याचा रस्ताही मराठीतूनच जातो, असं माझं म्हणणं आहे.

मुळात ‘हॅव’ला मराठीत प्रतिशब्दच नाही. शाळेत आपल्याला ‘हॅव म्हणजे जवळ असणे’ असं पाठ करायला लावतात, ते कामचलाऊ आहे. आपण मालकी सांगतो ती ‘आहे’ या एकाच क्रियापदानं, आणि फरक दाखवतो तो प्रत्ययातून किंवा शब्दयोगी अव्ययातून. माझ्याकडे ट्रॅक्टर आहे. माझ्याजवळ सुटे पैसे आहेत. मला दोन मुलं आहेत. गाईला शिंगं आहेत. घराला दोन दारं आहेत. तिला ताप आहे. नात्याला, अवयवाला आणि आजाराला ‘ला’, हलवता येण्याजोग्या वस्तूला ‘कडे’ किंवा ‘जवळ’. हा फरक आपण न शिकता पाळतो. ‘मला दोन मुलं आहेत’ म्हणजे मी बाप. ‘माझ्याकडे दोन मुलं आहेत’ म्हटलं तर ऐकणारा विचारेल, कुणाची, शिकायला ठेवलीत का? इंग्रजीला ही बारीकी नाही. ट्रॅक्टर, मुलं, शिंगं, दारं, ताप, सगळं एका ‘हॅव’मध्ये बसतं.

अहिराणीतही हाच घाट. ‘मन्हाकडे ट्रॅक्टर शे’, आणि अनेकवचनात ‘दोन बैल शेतस’. संस्कृतात ‘मम पुत्रः अस्ति’. हिंदीत ‘मेरे पास’. रशियन माणूसही ‘माझ्यापाशी आहे’ अशाच धर्तीवर बोलतो, आणि आयर्लंडची जुनी आयरिश भाषाही तशीच. लिऑन स्टॅसन या भाषाशास्त्रज्ञानं जगभरातल्या 240 भाषा याच प्रश्नासाठी तपासल्या. त्यात ‘हॅव’सारखं स्वतंत्र क्रियापद वापरून मालकी सांगणाऱ्या भाषा निघाल्या 63, म्हणजे जेमतेम पाव. तेव्हा आपल्या भाषेत काहीतरी उणं आहे असं वाटून घ्यायचं कारण नाही. या बाबतीत इंग्रजीच अल्पमतात आहे.

आता चुकांकडे. सुरुवात मधल्या वाक्यापासून करतो, कारण ते सगळ्यांत सोपं आणि तरीही वर्गात सगळ्यांत कमी समजावून सांगितलेलं आहे.

‘माय ब्रदर हॅव टू गोडाऊन्स.’ नियम कुणालाही विचारा, तोंडपाठ असतो: आय, यू, वी, दे यांना हॅव, ही, शी, इट आणि कुठलंही एकवचनी नाम यांना हॅज. मग भावाला ‘हॅव’ का लागलं? मराठी वाक्य मनात म्हणून बघा. ‘माझ्या भावाकडे दोन गोडाऊन आहेत.’ इथे ‘आहेत’ हे अनेकवचन कुणाचं? गोडाऊनचं. मराठीत क्रियापद वस्तूकडे बघतं, मालकाकडे ढुंकूनही बघत नाही. मालक एक असो की दहा, गोडाऊन एक असेल तर ‘आहे’ आणि दोन असतील तर ‘आहेत’. इंग्रजीत बरोबर उलटं. तिथे मालक हा वाक्याचा कर्ता, क्रियापद त्याच्याच तालावर चालणार. गोडाऊन दोन असोत की दोनशे, त्यांना काही मत नाही. म्हणून ‘माय ब्रदर हॅज टू गोडाऊन्स’, आणि ‘माय ब्रदर्स हॅव वन गोडाऊन’.

‘ही हॅव टू सिस्टर्स’ आणि ‘आय हॅज वन पेन’ ही शाळांतून नेहमी ऐकू येणारी वाक्यं याच मुशीतली आहेत. बहिणी दोन म्हणून हॅव, पेन एक म्हणून हॅज. पोरगं नियम विसरलेलं नसतं. ते मराठीचा नियम इंग्रजीत इमानदारीनं पाळत असतं. त्याला ‘हॅज लिही’ म्हणून दहा वेळा लिहायला लावण्यापेक्षा ‘इंग्रजीत मालकाकडे बघ, मालाकडे नको’ एवढं एक वाक्य सांगितलं तर जास्त उपयोग होतो.

याच्याच पोटात दुसरी एक गफलत आहे, नकाराची आणि प्रश्नाची. ‘डझ ही हॅज अ ट्रॅक्टर?’ असं आपण विचारतो. इंग्रजीत एकवचनाची ही खूण वाक्यात एकदाच लागते. ‘डू’चं ‘डझ’ झालं की ती तिथे खर्ची पडली. पुढे मूळ ‘हॅव’च येणार. डझ ही हॅव, ही डझन्ट हॅव. जुन्या पुस्तकांत, विशेषतः आजोबांच्या काळच्या भाषांतर पाठमालांत, ‘हॅव यू अ पेन?’ असा प्रश्न सापडतो. तो चुकीचा नव्हता, जुन्या ब्रिटिश वळणाचा होता. आता तसं कुणी विचारत नाही. ‘डू यू हॅव’ किंवा बोलण्यात ‘हॅव यू गॉट’ म्हणतात.

आता पहिलं वाक्य, ‘वी आर हॅविंग फिफ्टी टन’. हे सबंध देशाचं लाडकं वाक्य आहे. आय ॲम हॅविंग अ कार, शी इज हॅविंग टू ब्रदर्स, आर यू हॅविंग चेंज? (‘टन’चं ‘टन्स’ करायचं की नाही, ते तूर्त राहू द्या.) इंग्रजीचा नियम असा की जे असतं, स्थिर असतं, ते चालू वर्तमानकाळात घालायचं नाही. कांदा चाळीत आहे. तो ‘असण्याचं काम’ करत नाही. म्हणून ‘वी हॅव फिफ्टी टन्स’.

गंमत म्हणजे मराठीतही हे असंच आहे. ‘माझ्याकडे कांदा असतोय’ असं आपण कधी म्हणत नाही. मग हे ‘हॅविंग’ आलं कुठून? माझा तर्क असा. इंग्रजीच्या पहिल्या धड्यांत आपण शिकतो की ‘आहे’ म्हणजे ॲम, इज, आर. ही गाठ इतकी घट्ट बसते की मनात ‘आमच्याकडे कांदा आहे’ हे वाक्य उमटलं की त्यातल्या ‘आहे’साठी हात आपोआप ‘आर’ लिहून मोकळा होतो. मग लक्षात येतं की मालकी सांगायची राहिलीच. ‘आर’च्या पुढे नुसतं ‘हॅव’ बसत नाही, हे कानाला कळतं. मग त्याला ‘इंग’ची शेपटी लावून बसवायचं. एका ‘आहे’ची दोन भाषांतरं एकाच वाक्यात होतात आणि ती शेजारी शेजारी नांदायला लागतात.

यातून सुटायची युक्ती आपल्याच भाषेत आहे. वाक्य आधी मराठीत नीट म्हणा. त्यात ‘कडे’, ‘जवळ’, ‘ला’ आणि शेवटी नुसतं ‘आहे’ असेल, तर इंग्रजीत हॅव किंवा हॅज. ॲम-इज-आर लावायचंच नाही. आणि मराठीत ‘करतोय’, ‘घेतोय’, ‘जेवतोय’, ‘होतोय’, ‘चाललंय’ असं काही येत असेल, म्हणजे काहीतरी घडत असेल, तर ‘हॅविंग’ बिनदिक्कत वापरा. आम्ही जेवतोय: वी आर हॅविंग लंच. तो आंघोळ करतोय: ही इज हॅविंग अ बाथ. आत मीटिंग चाललीय: दे आर हॅविंग अ मीटिंग. नेटवर्कचा त्रास होतोय: वी आर हॅविंग ट्रबल विथ द नेटवर्क. अहिराणी बोलणाऱ्याला तर हे आणखी सोपं जावं. ‘शे’ तिथे हॅव, आणि ‘करी राहिनू’ तिथे हॅविंग. नुसतं असणं आणि काही करत राहणं यांतला फरक अहिराणीनं ‘राहणं’ वापरून उघडच दाखवलेला आहे.

म्हणजे ‘हॅविंग’ हा शब्द चूक नाही, हे आवर्जून सांगायला हवं. काही मास्तर मंडळी चुकीची इतकी भीती घालतात की पोरं ‘वी आर हॅविंग लंच’ सुद्धा खोडून ‘वी हॅव लंच’ करतात. ‘वी हॅव लंच ॲट वन’ म्हणजे रोज एकला जेवतो. ‘वी आर हॅविंग लंच’ म्हणजे घास हातात आहे, नंतर फोन करा. दोन्ही बरोबर, दोन्ही वेगळी.

ही युक्ती सगळीकडे चालते असं मात्र नाही. डोकं ‘दुखतंय’, तरी इंग्रजीत ‘आय हॅव अ हेडएक’. आजार इंग्रजीत जवळ असतो, आपण तो करत नाही. पण हार्ट अटॅक आत्ता, डोळ्यांसमोर येत असेल तर ‘ही इज हॅविंग अ हार्ट अटॅक’ हेच बरोबर. दुसरा अपवाद ठरलेल्या बेताचा. ‘उद्या आमच्याकडे पाहुणे आहेत’ यात ‘कडे’ही आहे आणि ‘आहेत’ही, पण ‘वी आर हॅविंग गेस्ट्स टुमॉरो’ हे उत्तम इंग्रजी आहे, कारण तो उद्याचा आखलेला कार्यक्रम आहे. याच अपवादानं माणसं गोत्यात येतात. ‘शी हॅज अ बेबी’ म्हणजे तिला बाळ आहे. ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे ती गरोदर आहे किंवा आत्ता बाळंत होते आहे. परदेशी पाहुण्यापुढे एखादे सद्गृहस्थ ‘आय ॲम हॅविंग टू सन्स’ म्हणाले तर तो अभिनंदन करायचं की नाही या विचारात पडेल.

तिसऱ्या वाक्यात मात्र खरा कस लागतो. ‘वी हॅव धिस बिझनेस सिन्स टेन इयर्स.’ यात दोन चुका आहेत. दोन्ही ‘दहा वर्षांपासून आमचा हा धंदा आहे’ या निर्दोष मराठी वाक्यातून उचललेल्या.

मराठीत एखादी गोष्ट पूर्वी सुरू झाली आणि अजून चालू आहे, हे सांगायला साधा ‘आहे’ पुरतो. ‘पासून’ हा शब्द सुरुवात सांगतो, ‘आहे’ आजचं सांगतो, काम झालं. इंग्रजीला ते पुरत नाही. मागून आजपर्यंत येणारी गोष्ट तिला पूर्ण वर्तमानकाळातच हवी असते, आणि तो काळ बनतो हॅव किंवा हॅज अधिक क्रियापदाचं तिसरं रूप. आता क्रियापदच ‘हॅव’ असेल तर? त्याचं तिसरं रूप ‘हॅड’. म्हणून ‘वी हॅव हॅड धिस बिझनेस फॉर टेन इयर्स’.

‘हॅव हॅड’ लिहिलं की लोकांना वाटतं छापताना शब्द दोनदा पडला, आणि ते एक खोडतात. खोडू नका. पहिला ‘हॅव’ नुसता मदतनीस आहे, काळ दाखवायला आलेला. मालकी सांगणारा दुसरा. भावाबद्दल बोलायचं तर मदतनीस बदलेल: ‘ही हॅज हॅड धिस ट्रॅक्टर सिन्स 2018.’ तिला तीन दिवसांपासून ताप आहे: ‘शी हॅज हॅड अ फीवर फॉर थ्री डेज.’ डॉक्टरांपुढे हे वाक्य नीट आलं तर उपयोगाचं आहे, कारण ताप आज आला की तीन दिवस अंगावर काढला हे त्यावरून ठरतं. आणि ‘जेवण झालं का?’ हा आपल्याकडचा रोजचा प्रश्न: ‘हॅव यू हॅड युवर लंच?’

दुसरी चूक ‘सिन्स टेन इयर्स’ची. आपला ‘पासून’ दोन्ही कामं करतो. ‘2018 पासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’, एकच शब्द. इंग्रजीनं वाटणी केली आहे: कॅलेंडरवर बोट ठेवता येईल अशा क्षणाला सिन्स, मोजलेल्या मुदतीला फॉर. सिन्स मंडे, सिन्स दिवाळी, सिन्स 2018. फॉर टू डेज, फॉर टेन इयर्स. आणि नेमका संपलेला वेळ सांगायचा असेल, काल, गेल्या वर्षी, तर हा काळच वापरायचा नाही. ‘आय हॅव हॅड लंच विथ हिम यस्टरडे’ चूक, ‘आय हॅड लंच विथ हिम यस्टरडे’ बरोबर.

‘हॅव बीन हॅविंग’ असंही एक लांबलचक रूप आहे, आणि ते बऱ्याच जणांना थट्टा वाटतं. एखादी गोष्ट मधूनमधून, पुन्हा पुन्हा होत आली असेल तर ते चपखल बसतं. आठवडाभर वीज जातेय: ‘वी हॅव बीन हॅविंग पॉवर कट्स ऑल वीक.’ ग्रामीण महाराष्ट्रात हे वाक्य पाठ असलेलं बरं.

मालकीचं क्रियापद भूतकाळाच्या कामाला कसं जुंपलं गेलं, याची गोष्ट मला फार आवडते. जुन्या इंग्रजीत ‘माझ्याकडे शेत आहे, नांगरलेलं’ अशा अर्थाची वाक्यं असत. शेत जवळ आहे आणि ते नांगरलेल्या अवस्थेत आहे, एवढंच. हळूहळू ‘नांगरलेलं’ हे शेताचं विशेषण न राहता माझ्या कामाची खूण झालं, आणि ‘मी शेत नांगरलं आहे’ असा अर्थ पक्का झाला. मालकी विरली, मदतनीस उरला. आपणही ‘मी शेत नांगरून ठेवलंय’ म्हणताना ‘ठेवणे’चा जवळपास असाच वापर करतो, कुठेही काही ठेवलेलं नसतं.

‘हॅव टू’बद्दल थोडक्यात. ‘मला सटाण्याला जायचं आहे’ यात इच्छाही असू शकते आणि सक्तीही. ‘आय हॅव टू गो’ ही निव्वळ सक्ती, म्हणजे ‘जावं लागतंय’. नकारात जपायला हवं: ‘यू डोन्ट हॅव टू पे’ याचा अर्थ पैसे द्यायची गरज नाही, द्यायचे असतील तर खुशाल द्या. ‘यू मस्ट नॉट पे’ म्हणजे देऊच नका. व्यवहाराच्या पत्रात या दोन वाक्यांची अदलाबदल महागात पडेल.

आता प्रश्न उरतो की ‘आय ॲम हॅविंग अ कार’ला चूक म्हणायचं की भारतीय इंग्रजी म्हणायचं. भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी भारतीय इंग्रजीकडे चुकांची जंत्री म्हणून न बघता एक स्वतंत्र वळण म्हणून बघायला शिकवलं. त्यांचं ‘द इंडियनायझेशन ऑफ इंग्लिश’ हे पुस्तक 1983 साली आलं. मुंबईचे कवी निस्सीम इझिकेल हे मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजातले. त्यांनी याच ‘इंग’च्या सोसाचा आपल्या इंग्रजी कवितांत विनोदासाठी बेमालूम उपयोग करून घेतला. आणि इंग्रज-अमेरिकनही सोवळे नाहीत. ‘लव्ह’ हे क्रियापदही नियमानं चालू काळात जायचं नाही, पण 2003 पासून मॅकडॉनल्ड्सची जाहिरात ‘आय ॲम लव्हिंग इट’ असंच सांगत आली आहे.

माझं मत सरळ आहे. आपापसात ‘आय ॲम हॅविंग’ म्हणालात तर आभाळ कोसळत नाही, आणि त्यावरून कुणाला हसणारा माणूस मला आवडत नाही. पण बोर्डाचा पेपर, नोकरीची मुलाखत, व्हिसासाठीची भाषेची परीक्षा आणि परदेशी खरेदीदाराला पाठवायचं पत्र, या चार जागी प्रमाण रूपच वापरावं. तिथे समोरचा वळण बघत नाही, चूक मोजतो.

महाराष्ट्रात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. त्याआधी ती पाचवीत भेटायची. म्हणजे मराठी शाळेत शिकलेल्या आजच्या पंचविशीतल्या मुलानं ‘हॅव’ बारावीपर्यंत बारा वर्षं पाहिलेलं असतं. तरी ते अडतं, कारण त्याला ते मराठीपासून तोडून शिकवलेलं असतं. नामपूरच्या काय किंवा कुठल्याही शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे: फळ्यावर हॅव-हॅजचा तक्ता काढण्याआधी पोरांकडून घरातल्या गोष्टींची दहा मराठी वाक्यं वदवून घ्या. कुणाकडे किती बैल, कुणाला किती भाऊ, कोण कधीपासून आजारी, या वेळी घरी कोण काय करतंय. मग एकेका वाक्यात ‘आहे’ खाली रेघ मारून विचारा: हे नुसतं असणं आहे, काही करणं आहे, की मागून चालत आलेलं आहे? उत्तर मराठीत आलं की रूप निवडायला वेळ लागत नाही. रूपं सगळी मिळून आहेत तरी किती? हॅव, हॅज, हॅड आणि हॅविंग, मोजून चार.